गव्याला साइड मागू नये

पहिला पाऊस पडला की पुण्या-मुंबईच्या दुचाक्यांना घाट आठवतो. शुक्रवारी रात्री चेनला वंगण, शनिवारी पहाटे पेट्रोल पंपावर ग्रुप फोटो आणि दुपारी आंबोली. घरी सांगितलेलं कारण ‘निसर्ग’ असतं, ग्रुपवर लिहिलेलं कारण ‘घाटातली वळणं’ असतं आणि खरं कारण हेल्मेटच्या आत असतं: काहीतरी दिसायला पाहिजे राव! काहीतरी म्हणजे खार नव्हे, मोर नव्हे. मोर काय, चिंचोलीला हुरडा खाता खाताही दिसतो. बिबट्या पाहिजे. वाघ मिळाला तर उत्तमच. अगदीच नशीब फुटकं निघालं तर गवा.

यासाठीची तयारी बघण्यासारखी असते. गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड, पाठीला कवच, हेल्मेटवर एक कॅमेरा, हँडलवर दुसरा, बॅगेत ड्रोन. आणि या सगळ्या जामानिम्याच्या खाली, मागच्या चाकाशेजारी, कंपनीचा सायलेन्सर काढून तिथं बसवलेला तो दुसरा. मधूनच फटाका फोडणारा. शहरात पोलीस असले सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. जंगलात रोडरोलर नसतो. गवा असतो, पण त्याला अजून अधिकार दिलेले नाहीत.

दाजीपूरचं जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानची शिकारीची राखीव जागा होती. त्या काळी जनावर उठवायला हाकारे लागत, डबे-ढोल बडवायला माणसं लागत. आता एक साडेतीनशे सीसी पुरते. फरक इतकाच, की हाकारे जनावराला शिकाऱ्याच्या दिशेनं पिटाळायचे आणि आमची गाडी त्याला थेट पुढच्या तालुक्यात पाठवते. सांबराचे दोन कान दोन वेगळ्या दिशांना फिरतात. एक कान राधानगरीकडे आणि एक गगनबावड्याकडे लावून ते उभं असतं. आपण फोंडा घाटाच्या पायथ्याशी गियर टाकतो तेव्हाच त्याला खबर लागलेली असते, की आज शनिवार.

म्हणजे ज्याला ऐकू येतं आणि ज्याला निघून जाता येतं, तो आपण पोचायच्या आत निघून गेलेला असतो. जंगलात शिरल्यावर आपल्या वाट्याला येतात ते उरलेले. त्यातला पहिला म्हणजे ज्याला निघून जायची गरजच वाटत नाही, असा.

गवा.

गव्याविषयी रायडर मंडळींचं मत जरा कमीपणाचं असतं. ‘मोठी म्हैसच रे,’ असं म्हणतात. म्हशीनं हे ऐकलं तर तिला बरं वाटेल. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी माणसाच्या उंचीचा असतो आणि वजनाला हजार किलोपर्यंत जातो. बुलेट भरते साधारण १९५ किलो. म्हणजे एक गवा म्हणजे पाच बुलेट, एकाच अंगात, एकाच दिशेनं आणि ब्रेकशिवाय. वर तो पांढरे पायमोजे घालून असतो, त्यामुळे लांबून सभ्य वाटतो.

राधानगरीचं अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं. १९५८ साली त्याची सुरुवात झाली ती दाजीपूरच्या गव्यांसाठीच. तिथल्या गव्याला या जागेचा मालक कोण याबद्दल काडीचीही शंका नाही. तो रस्त्यावर येतो, कारण रस्त्याकडेला झाडी तोडलेली असते, ऊन लागतं, कोवळं गवत माजतं. बांधकाम खात्यानं दोन्ही बाजूंनी त्याचं ताट वाढून ठेवलंय. तो जेवायला बसलेला असतो आणि आपण मागून हॉर्न देतो.

हॉर्नचं एक राष्ट्रीय तत्त्वज्ञान आहे. पुढे जे आहे ते हॉर्न दिल्यावर बाजूला होतं, यावर आपला देवापेक्षा जास्त विश्वास. रिक्षा होते, बैलगाडी होते, वरातही होते. म्हणून पुढे गवा दिसला की आधी हॉर्न, मग डिप्पर, मग पुन्हा हॉर्न. गव्याला ओव्हरटेकची खूण कळत नाही. त्याला कळतं एवढंच, की एक डोळा मिचकावणारं आणि ओरडणारं काहीतरी अंगावर येतंय.

इथून पुढचा भाग सगळ्यात गमतीचा. बिथरलेला गवा लगेच धावून येतोच असं नाही. बरेचदा तो आधी बाजू दाखवतो. आडवा उभा राहतो, मान खाली घालतो, पाठीवरचा उंचवटा वर काढतो आणि आपण किती मोठे आहोत हे समोरच्याला नीट पाहू देतो. त्याच्या बाजूनं ही शेवटची नोटीस असते. आमच्या बाजूनं तो प्रोफाइल फोटो असतो. ‘थांब थांब, पोज देतोय!’ असं म्हणत मंडळी गाडीवरून उतरतात आणि दोन पावलं पुढे जातात. नोटीस बजावलेला माणूस नोटीशीसोबत सेल्फी काढतोय, असं दृश्य वनखात्याशिवाय फक्त वीज मंडळाच्या नशिबी येत असावं.

आंबोलीच्या टपरीवर एका चकाचक जॅकेटवाल्यानं चहा देणाऱ्या काकांना विचारलेलं मी ऐकलंय, “काका, इथं गवा कुठं बघायला मिळेल?” काकांनी आधी गाळणं झटकलं. मग म्हणाले, “गवो? आधी गाडी बंद करा, मगे दिसतलो.” जॅकेटवाल्याला तो विनोद वाटला. काकांच्या लेखी गवा दिसणं ही बातमी नाही, ते नुकसान आहे. रात्रीतून भाताच्या खाचरात कळप फिरला तर सकाळी मोजायला काही उरत नाही. त्या काकांकडून मार्गदर्शन घ्यायचं आणि चहाच्या पैशात सुट्ट्या दोन रुपयांवरून हुज्जत घालायची, हे आमचं ग्रामीण पर्यटन.

गव्याच्या बाबतीत गर्दी काय करते हे बघायला घाटात जायचीही गरज नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी एक गवा सकाळी सकाळी पुण्यात कोथरूडमध्ये आला. अख्खं कोथरूड मोबाइल घेऊन त्याच्या मागे धावलं. गल्ल्या, भिंती, गेटं, दोरखंड, जाळ्या, बेशुद्धीची इंजेक्शनं. काही तासांत तो मेला. पंधरवड्यात दुसरा गवा पाषाण-बावधनकडे दिसला. या खेपेला लोकांना लांब ठेवलं आणि तो आला तसा चालत डोंगरात परत गेला. जनावर तेच, गावही तेच. वजा केले ते फक्त प्रेक्षक.

तेव्हा गवा दिसला तर काय करावं? काही करू नये. लांब थांबावं, दिवा खाली करावा, हॉर्नवरचा अंगठा खिशात घालावा. एक गेला म्हणून लगेच गाडी पुढे काढू नये. कळप असतो, मागून बाई येतात, त्यांच्यामागून पोरं येतात, आणि आई व पोर यांच्या मधोमध घुसणारी मोटारसायकल हा गव्यांच्या समाजात मोठा अपमान समजतात. हे सगळं पार पडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पुण्याहून तीनशे-साडेतीनशे किलोमीटर आलेल्या माणसाकडे ती नेमकी नसतात, कारण पुढे मालवणला सुरमई संपेल.

आता थोडं गणित. रायडर मंडळींना गणित आवडतं. मायलेज ते दशांश चिन्हापर्यंत काढतात. ताशी ८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला. गाडी २२ मीटर पुढे. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी पस्तीसेक मीटर. ओल्या रस्त्यावर किती, ते पावसाला विचारा. आणि खाली केलेल्या दिव्याचा उजेड तेवढ्या लांब धड पोचतही नाही. म्हणजे रात्री ताशी ८० नं घाटात निघालेला माणूस स्वतःच्या उजेडाच्या पुढे धावत असतो. काळ्या रस्त्यावर काळा गवा. तो दिसेपर्यंत प्रश्न सुटलेला असतो.

रात्रीच्या प्रवासाचं आमच्यात भारी कौतुक. ‘नाइट राइड’ म्हटलं की छाती दोन इंच फुगते. कर्नाटकानं २००९ सालापासून बंदीपूरच्या जंगलातून जाणारे महामार्ग रात्री ९ ते सकाळी ६ बंद ठेवलेत. म्हैसूरहून उटीला निघालेला मराठी रायडर गुंडलुपेटच्या पुढच्या नाक्यावर सव्वानऊला पोचतो आणि तिथल्या माणसाला सांगतो की आम्ही महाराष्ट्रातून आलोय. जणू महाराष्ट्रातून आलेल्याला हत्ती ओळख दाखवतो. मग नाक्यावरच्या शिपायाला कन्नड येतं आणि आपल्याला येत नाही, यावरून राष्ट्रीय एकात्मतेची चर्चा होते. बंदी मात्र तशीच राहते, ही त्या राज्याची थोरवी.

दिवसा जायला हरकत नाही, फक्त वाटेत थांबायचं नाही. पण ‘थांबू नये’ अशी पाटी दिसली की तिच्याखाली थांबून फोटो काढण्याची आपली परंपरा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच बंदीपूरच्या रस्त्यावर एक गृहस्थ हत्तीच्या जवळ फोटोसाठी गेले. हत्ती मागे लागला, ते पडले, हत्तीनं पाय उगारला आणि कुठल्या तरी पुण्याईनं ते जखमांवर निभावले. त्याची चित्रफीत देशभर फिरली. नंतर वनखात्यानं २५,००० रुपये दंड केला आणि माफीचा व्हिडिओही करून घेतला. हत्तीची बाजू कुणी घेतलेली नाही. तो कॅमेऱ्यासमोर येत नाही. आला तर कॅमेरा राहत नाही.

हत्तीच्या बाबतीत आमची भिस्त वेगावर. ‘आला तर पळवू की गाडी!’ हत्ती ताशी पंचवीस किलोमीटरनं धावतो, आपली गाडी सव्वाशे जाते. हिशेब बरोबर. फक्त सव्वाशे ती पुढे जाते, आणि पुढे हत्ती आहे. गाडी वळवायची आहे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना लटकवलेल्या बॅगा, मागे बसलेला मित्र शूटिंग करतोय, गियर पहिल्यात पडत नाहीये आणि मागून आलेल्या इनोव्हाच्या काचेबाहेर चार मोबाइल. मोटारसायकल वळवण्याचा वेग कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो, तो ताशी दोन किलोमीटर असतो.

आणि हत्तीसाठी बंदीपूरलाच जायला पाहिजे असंही उरलेलं नाही. २००२ पासून ते कर्नाटकातून दोडामार्ग, तिलारीकडे येतायत. पलीकडे चंदगड, आजऱ्यातही फिरतात. तिथल्या शेतकऱ्यानं केळी, माड, पोफळी लावायच्या आणि रात्री त्या मोडल्याचा आवाज घरातून ऐकायचा, असं दोन दशकांहून अधिक काळ चाललंय. त्याच शेतकऱ्याच्या खळ्यात गाडी लावून एखादा विचारतो, “इथं हत्ती पॉइंट कुठं आहे?” पॉइंट! महाबळेश्वरनं आपल्याला एवढं बिघडवलंय की हत्तीही ठरलेल्या जागी, रेलिंगच्या पलीकडे, सूर्यास्ताच्या वेळी उभा असेल असं वाटतं. त्या शेतकऱ्यानं पाहुण्याला पाणी द्यावं की रात्रीच्या राखणीला सोबत न्यावं, हा खरा पाहुणचाराचा प्रश्न आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला पडतं.

असो. हे झाले मोठे लोक. त्यांची भेट झाली तर निदान बातमी होते. आता ज्यांच्याशी आपली गाठ खरोखर पडते, दर फेरीला पडते, न चुकता पडते, त्यांच्याबद्दल.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत कमरेएवढं पाणी साचतं तेव्हा जेवढा पडलेला असतो, तेवढा तिथं कुणाच्या बोलण्यातही येत नाही. त्या पठारावर एक लहानसा भेक राहतो. अंगठ्याएवढा म्हणा, अंगावर वाघासारखे पट्टे. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जातीचा म्हणून नाव दिलं, आणि त्या नावातही वाघ घातला: झँथोफ्रायनी टायगरिना. आंबोली आणि तिच्या आजूबाजूचा थोडासा टापू, एवढंच त्याचं जग. नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणजे पट्टेरी, दुर्मिळ, जगात दुसरीकडे न सापडणारं जनावर बघायला मिळावं ही रायडरची इच्छा आंबोलीत पूर्ण होण्यासारखी आहे. होतेही. फक्त ती मागच्या टायरखाली पूर्ण होते.

या भेकाची वर्षभरातली धामधूम पहिल्या पावसाच्या मोजक्या दिवसांत असते. जांभ्याच्या सड्यावर डबकी भरली की नर ओरडायला लागतात, माद्या येतात, अंडी पडतात आणि डबकं आटायच्या आत पुढची पिढी उभी राहायला पाहिजे अशी धावपळ. हाच तो आठवडा, जेव्हा आमच्या ग्रुपवर ‘फर्स्ट रेन राइड’चं पोस्टर पडतं. दोन्ही पार्ट्या एकाच मुहूर्तावर, एकाच रस्त्यावर. एक पार्टी ओरडते ती मादीसाठी. दुसरीही ओरडते, तिचं कारण अजून शास्त्रज्ञांना सापडलेलं नाही.

बेडकाला मोटारसायकल ऐकू येत नाही असं नाही. पण त्याच्या लाखो वर्षांच्या शिकवणीत संकट आलं तर जागच्या जागी गप्प बसावं असं लिहिलेलं आहे. सापापुढे, बगळ्यापुढे ते चालतं. ट्यूबलेस टायरपुढे चालत नाही. सापाची तीच कथा. थंड अंगाचं जनावर, दिवसभर तापलेलं डांबर पाऊस थांबला की ऊब देतं, ते जरा टेकतं. मलबारी चापड्यासारखा साप तर बसला की तासन्‌तास बसतो. कधी हिरवा, कधी पिवळा, कधी तपकिरी, आणि तिन्ही रंगांत रस्त्यावरच्या पाल्यापाचोळ्यात मिसळून जाणारा. त्यालाच बघायला पावसाळी रात्री टॉर्च घेऊन, पाय जपून टाकत, लोक आंबोलीत येतात. एखाद्या फांदीपुढे अर्धा अर्धा तास वाकून उभे राहतात. त्यांच्या शेजारून आमचा बारा गाड्यांचा काफिला जातो, आणि हेल्मेटमधून एकजण दुसऱ्याला सांगतो, “इथं आता काही राहिलं नाही रे, सगळं कमर्शियल झालं.”

पावसाळ्यात पहाटे त्या रस्त्यावरून पायी चालून बघा. चपटे बेडूक, चपटे साप, चपटे खेकडे. वाहनं सुरू झाली की सकाळी नऊपर्यंत तेही पुसलं जातं. नऊला उठलेल्या पर्यटकाला घाट एकदम स्वच्छ दिसतो.

बिबट्याचं मात्र वेगळं आहे. बिबट्या प्रत्येक ग्रुपला दिसतो. जाताना नाही दिसला तर परतीच्या वाटेवर दिसतो, आणि परतीच्या वाटेवरही नाही दिसला तर सोमवारी ऑफिसात दिसतो. अंधारात दोन हिरवट ठिपके चमकले, की झालं. वास्तविक रात्री फिरणाऱ्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, दिव्याचा उजेड त्यावरून परत येतो. बिबट्याचा येतो, तसाच उदमांजराचा येतो, ढाब्यावरच्या मोत्याचाही येतो. पण ‘भर घाटात मोत्या समोर!’ या मथळ्याला किती लोक व्हिडिओ उघडणार? म्हणून लाल बाण, पिवळं वर्तुळ, ‘शेवटपर्यंत बघा’, आणि शेवटी हलणारी एक बाभूळ. खाली प्रतिक्रियांत कुणीतरी विचारतोच, ‘भाऊ, बिबट्या कुठंय?’ त्याला उत्तर मिळतं, ‘भाऊ, तो आपल्याला बघत होता.’ हे उत्तर बहुधा खरं असतं.

यातल्या यात व्यवहारी म्हणाल तर माकडं. वरंध घ्या, ताम्हिणी घ्या, भीमाशंकर घ्या, भज्यांच्या टपरीपासून दहा पावलांवर ती आपली वाट बघत असतात. त्यांना निसर्गात रस नाही. त्यांना टँकबॅगेची चेन उघडता येते, वेफर्सच्या पाकिटाचा आवाज ओळखता येतो, आणि बाईच्या हातातली वस्तू घेणं सोपं की पुरुषाच्या, याचा त्यांचा अभ्यास झालेला आहे. आम्ही त्यांना कणीस देतो कारण ते ‘क्यूट’ दिसतं. मग ती सीटवर चढतात, आरसा उपटतात, एखाद्याला चावतात, आणि तोच ग्रुप वनखात्याच्या नावानं शंख करतो की माकडांचा बंदोबस्त का करत नाही. केला होता. तुम्ही यायच्या आधी ती जंगलात फळं खात होती.

कायद्याकडे बघितलं तर आणखी मजा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यात ‘शिकार’ म्हणजे नुसतं गोळी घालणं नाही. वन्य प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं हेही त्याच व्याख्येत बसवलेलं आहे. अभयारण्यात प्राण्याला डिवचणं आणि कचरा टाकणं यालाही त्यात वेगळी मनाई आहे. आता सकाळपासूनचा कार्यक्रम आठवा. फटाका सायलेन्सरनं सांबर हाकललं, वेफर्स दाखवून माकड बोलावलं, गव्याला डिप्पर मारून डिवचलं आणि रिकामं पाकीट दरीत सोडलं. संस्थानिकांच्या शिकारीत एवढी कलमं लागली नसती. आणि त्यांच्याकडे निदान जीप होती म्हणून पाठ तरी दुखत नव्हती.

गाड्या आणि जनावरं यांनी एकमेकांना न भेटता कसं जगावं, याचा एक नमुना आपल्याच राज्यात उभा आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग ४४ पेंचच्या जंगलाला चिरत जातो. बराच काळ कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मग महाराष्ट्रातल्या टप्प्यात रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली. अशा नऊ जागा आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरची. वर दोन्ही कडांना आवाज आणि उजेड अडवणारे पडदे. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ आले, रानकुत्री आली, नीलगाई आल्या, चितळांचे तर कळप आले. वरून गाड्या, खालून वाघ. कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. वरून जाणाऱ्याला खालचं काहीही दिसत नाही, आणि हे जमलंय ते त्यामुळेच. विदर्भातले रायडर मित्र मात्र या रस्त्यावर नाराज असतात. एवढा वाघाचा मुलूख आणि फोटोला काहीच नाही म्हणतात. त्यांना मी सुचवलं होतं की ताडोब्याला जिप्सीत बसा, गप्प बसा, गाइड सांगेल तिकडे बघा. गप्प बसण्याची अट वाचून त्यांनी आणखी एक जीएसटी वाढवल्यासारखा चेहरा केला.

जून आला की हा सगळा तांडा लडाखला सरकतो. तिथं गवा नाही, हत्ती नाही, बिबट्या आहे तो हिमबिबट्या, आणि तो शास्त्रज्ञांनाही सहजी भेटत नाही. पण लेहहून पँगाँगकडे जाताना रस्त्याकडेला मारमोट भेटतात. गुबगुबीत, सोनेरी, मागच्या दोन पायांवर उभे राहून बघणारे. वर्षातले सहा महिने आणि वर थोडे दिवस ते बिळात झोपून काढतात, आणि त्या झोपेसाठी लागणारी चरबी त्यांना उरलेल्या थोड्या उन्हाळ्यात गवत-मुळं खाऊन साठवायची असते. त्या उन्हाळ्यात एमएच बारा, एमएच चौदा, एमएच शून्य नऊ अशा गाड्या ओळीनं थांबतात. खाऊ घालू नका अशा पाटीला हेल्मेट अडकवलं जातं, गुडघ्याचे पॅड जमिनीला टेकतात, आणि क्रीमची बिस्किटं पुढे होतात. आमच्या सदाशिव पेठेतल्या एका रायडरनं तर गेल्या खेपेला बाकरवडी दिली. वास घेऊन मारमोटनं ती खाली ठेवली आणि बिळात गेला. आता तो रायडर सगळ्यांना सांगत फिरतोय, की लडाखचे प्राणी फार माणूसघाणे झालेत.